मास्तरांचा दुसरा ब्रेक

"गाडी कोण चालवत होतं?" विमा कंपनीच्या सर्व्हेअरने विचारलं.

"आम्ही दोघं," काका म्हणाला.

सर्व्हेअरने मान वर केली. "दोघं कसे चालवणार? स्टिअरिंग एकच आहे ना?"

"स्टिअरिंग एक. ब्रेक दोन. वाकून बघा."

आणि तो बिचारा गॅरेजच्या तेलकट फरशीवर खरंच वाकला. डाव्या सीटपुढे, जिथे तुमच्या-माझ्या गाडीत पाय पसरायला जागा असते, तिथे काकाचा ब्रेक होता. त्यावरचं काळं रबर झिजून झिजून गुळगुळीत झालेलं.

मी शेजारी उभी राहून कपाळ बडवून घेत होते. काकाला मी येता येता बजावून सांगितलं होतं, कमी बोल, विचारतील तेवढंच सांग. पण ऐकेल तो माझा काका कसला!

माझा काका गाडी शिकवतो. म्हणजे शिकवायचा. गावात त्याला नावाने कोणी ओळखत नाही, सगळे 'मास्तर' म्हणतात. आमच्या गावात जो कोणी गाडी चालवतो त्याने कधी ना कधी काकाच्या त्या पांढऱ्या गाडीत घाम गाळलेला आहे. मीसुद्धा. घरचीच म्हणून मला जरा जास्तच. आरसा बघितला नाही की डोक्यात टपली, क्लच जोरात सोडला की "अगं, गाडी आहे, खेचर नाही!"

आणि मागच्या सीटवर काकू. बायकांना शिकवताना गाडीत एक बाई असलेली बरी, म्हणून काकू कायम मागे बसायची. ती गाड्यांची सीटकव्हरं शिवते. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं मोठं मशीन आहे, रेक्झिनच्या चार थरांतूनही सुई घालणारं. मागच्या सीटवर बसूनही तिचे हात रिकामे नसायचे, कव्हराचे बंद नाहीतर काठ शिवत असायची. काकाचा प्रत्येक धडा तिने इतक्या वेळा ऐकलाय की तो खोकायला थांबला तर पुढचं वाक्य ती मागून म्हणायची.

पण काकूला गाडी येत नव्हती. अख्ख्या गावाला शिकवणाऱ्याच्या बायकोला! लोक हसायचे. खरी गोष्ट मला काकूनेच सांगितली. लग्नानंतर काकाने तिला शिकवायला घेतलं होतं. वळण आलं की काकाने ब्रेक दाबला. सायकल दिसली, दाबला. कोंबडी दिसली, दाबला. तिचा पाय पोचायच्या आधी ह्याचा पोचलेला. शेवटी काकू भर रस्त्यात दार उघडून खाली उतरली आणि चालत घरी आली. "तुमचा तो ब्रेक तिथे आहे तोवर मी त्या सीटवर बसणार नाही," म्हणाली. काका म्हणाला, "ब्रेक तर राहणारच." झालं. दोघंही हट्टाला पेटलेली. ती मागे जाऊन बसली ती बसलीच.

आता अपघाताचं सांगते. अपघात कसला, सोफ्याला धडक. फर्निचरवाला दुकानातला माल अर्धा रस्त्यावर मांडून ठेवतो, त्यात डाव्या हाताला एक निळा सोफा होता. गाडी शिकत होती दातांची डॉक्टरीणबाई. तिने वळण जरा आतून घेतलं आणि गाडी सरळ जाऊन सोफ्यावर बसली. कोणाला खरचटलंही नाही. सोफ्याचा हात मोडला, गाडीचा दिवा फुटला, बंपर लोंबायला लागला आणि डावं दार चेपलं.

"तुम्ही ब्रेक का नाही दाबलात?" सर्व्हेअरने डॉक्टरीणबाईला विचारलं.

"मला वाटलं, मास्तर दाबतील." ती रडवेली झाली होती. "नेहमी तेच दाबतात."

"आणि तुम्ही?" सर्व्हेअर काकाकडे वळला.

काका काहीच बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मला वाटलं, बरं झालं बाई, गप्प बसला.

पुढे जे सुरू झालं ते ज्याच्याकडे गाडी आहे त्याला सांगायला नको. विमा कंपनीच्या अर्जात चालकाच्या नावाला एकच रकाना. काका तिथे दोन नावं लिहायचा, ते अर्ज परत पाठवायचे. "खोटं लिहिणार नाही," म्हणायचा. गॅरेजवाल्याला फोन केला की तो म्हणे, "कंपनीची मंजुरी आली की लगेच." कंपनीला फोन केला की ती म्हणे, "गॅरेजचा खर्चाचा अंदाज आला की लगेच." दोघांचं 'लगेच' ऐकून ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली. मधे ती बासरी वाजायची फोनवर. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मेल्यांनो, महत्त्वाचा आहे तर उचला की!

माझं चष्म्याचं दुकान आहे. एक दिवस मी दुकानाला कुलूप लावलं आणि तडक विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाले. मी म्हटलं, असू देत, मी डबा आणलाय. दुपारनंतर त्यांनाच माझा कंटाळा आला आणि कागद हलला. बंपर मंजूर, दिवा मंजूर, दार अर्धंच मंजूर, कारण दारावर म्हणे एक ओरखडा आधीचाच होता. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत. मी सही करून आले.

तोवर काकूने फर्निचरवाल्याचं तोंड बंद केलं होतं. त्याचा सोफा टेम्पोत घालून शेडमध्ये आणला आणि त्याला असं काही नवं कव्हर शिवलं की तो माणूस सोफा विकायचा सोडून स्वतःच त्यावर बसायला लागला.

गाडी घरी आली तेव्हा आम्ही सगळे बघतच राहिलो. दाराचा पांढरा वेगळाच. गाडी ताकाच्या रंगाची आणि दार दुधाच्या. गॅरेजवाला म्हणाला, "उन्हात राहिलं की होईल एकसारखं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! ह्याच माणसाकडे कंपनीने मुद्दाम पाठवलेलं, अधिकृत म्हणून.

काका मात्र चिडला नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि माझ्या दुकानात येऊन बसला. "चष्म्याचा नंबर बघ गं," म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं. समोरचा तक्ता त्याने खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. नंबर काही बदलला नव्हता. मी डाव्या बाजूने फ्रेम पुढे केली, तर त्याने ती घेतलीच नाही. त्याच्या कानाशी धरून हलवली, तरी समोरच बघतोय.

"काका, माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

मी फ्रेम खाली ठेवली. तो निळा सोफा त्याला दिसलाच नव्हता, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेलेली, उरलेली औषधाने टिकवता येईल. गाडी चालवणं बंद, शिकवणं बंद. काकाने मान डोलावली, बाहेर आला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी चालवत होते आणि तो शेजारी बसून प्रत्येक वळणावर आपला ब्रेक दाबत होता. गाडी अशी गचके खात आली की बघणाऱ्याला वाटावं मीच शिकाऊ आहे.

आता खरी पंचाईत झाली. काकाचं घर गावाबाहेर, टेकडीपलीकडे. बस तिकडे कधीच बंद झाली. किराणा, दवाखाना, काकूचं रेक्झिन, सगळ्याला गाडी हवी. माझी चुलत बहीण, म्हणजे ह्यांची मुलगी, मोठ्या शहरात राहते, तिला मी ताई म्हणते. तिने लगेच फर्मान काढलं. "गाडी विका, घर विका, माझ्याकडे या. चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे." तिचंही चुकत नव्हतं म्हणा. काळजीच होती तिला.

"माझं मशीन?" काकूने विचारलं.

"आई, आता कशाला शिवतेस? आराम कर ना."

काकूने फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन बसली. मी गेले तर मशीनवर नुसता हात ठेवून बसली होती. "आराम कर म्हणे," मला म्हणाली. "चौथ्या मजल्यावर बसून खिडकीतून खाली बघायचं, हा काय आराम झाला? मी मरेन गं तिथे." काकूच्या डोळ्यांत पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. मला ताईचा राग आला, काकाचा आला, त्या निळ्या सोफ्याचाही आला.

मग मी डोकं लढवलं. जुनी गाडी देऊन एखादी छोटी, गिअर नसलेली नवी गाडी घ्यायची. चालवायला कोणी तरी सापडेल, मी येत जाईन, कसंही करू. काका-काकूला घेऊन शोरूमला गेले.

तिथे गळ्यात टाय बांधलेला एक गृहस्थ आला. त्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि रंग मोजायचं यंत्र दाराला लावलं. यंत्र पीं करून ओरडलं. "दार रिपेंट आहे. किंमत कमी होणार."

"अहो, तुमच्याच गॅरेजने रंगवलंय!" मी म्हटलं. खरंच त्यांचंच होतं, वर तीच पाटी, तोच बोधचिन्हाचा बिल्ला.

"ते सर्व्हिस डिपार्टमेंट, मॅडम. आम्ही एक्स्चेंज."

म्हणजे ह्यांच्या एका हाताने बिघडवायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचेच पैसे कापायचे! मी तिथे जो आवाज चढवला, तो ऐकून नवी गाडी बघायला आलेलं एक जोडपं हळूच सटकलं. टायवाला तरी शांतच. त्याने डावं दार उघडलं, आत वाकला आणि म्हणाला, "हे काढावं लागेल. दोन ब्रेकवाली गाडी आम्ही घेतच नाही."

"मग नका घेऊ," काका म्हणाला आणि चालायला लागला.

मी मागून पळाले. "काका, अरे एक ब्रेकच तर आहे!"

"एक ब्रेकच?" तो थांबला. "तो ब्रेक होता म्हणून इतक्या लोकांची हाडं शाबूत आहेत. तूसुद्धा. तोही काढला तर मी कोण? नुसता डावीकडे बसलेला म्हातारा?"

काकाकडे पाहवेना. बोलली ती काकू. शोरूमच्या पायऱ्यांवर, पिशवी कडेला ठेवून.

"अहो, ब्रेक काढा. ह्यांना गाडी द्यायची म्हणून नाही. मला शिकायचीय म्हणून."

"ह्या वयात?"

"मग काय, पुढच्या जन्मी? मला घर सोडायचं नाहीये. तुम्हाला सोडायचंय?"

दोन दिवस दोघांत अबोला होता. तिसऱ्या दिवशी मेकॅनिकचा मला फोन. मास्तर येऊन बसलेत, ब्रेक काढ म्हणतात, आणि काढायला घेतला की थांब म्हणतात, काय करू? मी म्हटलं, त्यांना चहा पाज आणि तेवढ्यात काढ. मेकॅनिकही काकाचाच विद्यार्थी, त्याने तसंच केलं.

शिकवणी सुरू झाली बंद पडलेल्या कारखान्याच्या पटांगणात. काकू उजवीकडे, काका डावीकडे, आणि ह्या खेपेला मागच्या सीटवर मी. काकूला सगळं तोंडपाठ होतं. आरसा, पट्टा, क्लच, गिअर, सगळं ती स्वतःच बोलायची आणि स्वतःच करायची. अडचण एकाच गोष्टीची. थांबायची वेळ आली की काकाचा उजवा पाय धाडकन खाली आपटायचा. खाली काहीच नाही, नुसती चटई. तरी आपटायचा. आणि काकू त्या आवाजाने दचकायची.

"अहो, पाय!"

"मी काही केलं नाही."

"मग काय मी आपटला?"

"अगं, त्याला अजून माहीत नाही," काका पायाकडे बघून म्हणाला. मी मागे तोंडात रुमाल कोंबून हसत होते.

त्या एका महिन्यात दोघं जितकी भांडली, तितकी आधी सगळ्या संसारात भांडली नसतील. एकदा काकू पुन्हा गाडीतून उतरली. पण ह्या वेळी चालत गेली नाही. गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आली आणि म्हणाली, "तुम्ही उतरा. या चालत." आणि खरंच ह्याला उतरवून पटांगणाला एकटीने दोन चकरा मारून आली. काका मधोमध उभा. गाडी जाईल तिकडे गरागरा मान फिरवत होता.

परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टर शेजारी बसला आणि आधी खाली वाकून बघितलं. "मास्तरांच्या गाडीत ब्रेक नाही?" त्याचा चेहराच पडला. काकू त्याला म्हणाली, "घाबरू नका, पट्टा लावा." पास झाली.

शोरूमला गाडी द्यायच्या दिवशी काकूच चालवत होती. गावातल्या रस्त्यावरून काका शेजारी असताना पहिल्यांदाच. काका बोटं गुडघ्यावर घट्ट रोवून बसला होता. तो फर्निचरवाल्याचा चौक आला. फर्निचरवाला नेमका हमालांकडून एक कपाट हलवून घेत होता. "या, या, पुढे या," असं म्हणत पाठमोरा तो डावीकडून थेट रस्त्यात आला.

गाडी थांबली. गचका नाही, किंकाळी नाही. हळूच आणि पूर्ण.

"का थांबलीस?" काकाने विचारलं.

मग समोरून पाठमोरा फर्निचरवाला गेला, मागोमाग कपाट, आणि तेव्हा ते काकाला दिसले. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. मी मागून सगळं बघत होते. त्याचा पाय हललाच नव्हता.

"मला दिसला नाही गं तो," काका म्हणाला.

"मला दिसला ना," काकू म्हणाली आणि पहिला गिअर टाकला.

थोडं पुढे गेल्यावर काकाने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होता. "ब्रेक छान लावलास," म्हणाला. "मला शिकवायचंच राहून गेलं तुला. सगळ्यांना शिकवलं."

"शिकवलंत की. मी काय मागे झोपत होते?"

शोरूमला टायवाल्याने पुन्हा प्रदक्षिणा घातली. दाराचे पैसे कापले, टायरचे कापले आणि शेवटी डावीकडची चटई उचलून दाखवली. तिला बरोबर टाचेएवढं भोक पडलं होतं. "ह्याचे पण कापावे लागतील."

"कापा," काकू म्हणाली. "पण चटई मी नेणार." आणि गुंडाळी करून तिने ती काखेत मारली. मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण काकूने डोळे वटारले.

नवी गाडी घरी आली त्यानंतरच्या रविवारी काकूने मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर म्हणाली, चल, चक्कर मारू. काका डावीकडे बसायला गेला आणि दारातच थांबला. खाली नवी चटई होती, काकूच्या हातची, जाड, दुहेरी शिवणीची. आणि तिच्यावर उजव्या पायाखाली येईल तिथे, आत स्पंजचा थर भरून, त्या जुन्या ब्रेकचं रबर शिवलं होतं. तेच, गुळगुळीत झालेलं. मेकॅनिककडून तिने कधी आणलं होतं कुणास ठाऊक.

काका बसला. पाय त्यावर ठेवला आणि एकदा दाबून बघितला. स्पंज दबला आणि वर आला.

"दाबा हवा तेवढा," काकू म्हणाली. "मला आता आवाज येत नाही."

माझे डोळे भरून आले, मी उगाच पट्टा शोधल्यासारखं केलं. गाडी निघाली. टेकडी उतरली की मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी थांबावं लागतं. तिथे आलो आणि मला मागून दिसलं, काकाचा गुडघा हलला, काकूचाही हलला, आणि गाडी थांबली.

"ब्रेक अजून धरतो गं," काका म्हणाला.

"धरणारच," काकू म्हणाली. तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे दोनदा बघितलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.